आधी चादरी, मग मांजर

सकाळी साडेसहा

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, प्रत्येक भागाची पाळी वेगळी आणि तीही मध्येच बदलते. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक मांजरापुढे दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: वजन आणि पाण्याचा दिवस. पुण्या-मुंबईकडचे सहकारी याला हसतात. हसू देत. ज्या घरात टाकीचा तळ दिसतोय, तिथल्या बाईला ‘मांजराला आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पूनं आंघोळ घाला, सगळी अंथरुणं धुऊन काढा’ असं सांगून मी निघून आले, तर ती मान डोलावणार आणि काहीच करणार नाही. तिच्या जागी मी असते तर मीही केलं नसतं.

मी पशुवैद्य आहे. संध्याकाळी दवाखाना, दिवसा घरोघर. गाई-म्हशींसाठी गोठ्यावर जाणं ही आमच्या धंद्याची जुनीच रीत आहे. मांजरासाठी कुणी घरी येतं हे मात्र लोकांना अजून चैनीचं वाटतं. पण मांजराच्या कातडीचं दुखणं दवाखान्याच्या टेबलावर निम्मंच दिसतं. उरलेलं सोफ्याच्या फटीत, गोधडीच्या घड्यांत, कपाटावरच्या औषधांच्या डब्यात असतं. ते घरी गेल्याशिवाय कळत नाही. त्यात हा सप्टेंबर. आमच्याकडे पाऊस खरा पडतो तो याच महिन्यात. हवा दमट आणि उबदार, बुरशीला आणि पिसवांना याहून चांगले दिवस नाहीत.

पिशवी भरते. बारीक दातांची फणी, ताणकाटा, भिंग, काचपट्ट्या, चिकटपट्टी, लिक्विड पॅराफिन, वूडचा दिवा, काळा कागद आणि दोन सोलापुरी टर्किश टॉवेल. टॉवेलांच्या बाबतीत मी उघड पक्षपाती आहे. ओरबाडणाऱ्या बोक्याला गुंडाळायला इतकं जाड आणि इतकं सोसणारं कापड दुसरं नाही, आणि दर भेटीनंतर उकळून काढलं तरी त्याला काही होत नाही. ताणकाटा मात्र सगळ्यांत महत्त्वाचा. मांजर कापडी पिशवीत घालायचं, पिशवी काट्याला अडकवायची, आकडा वाचायचा. अंदाजानं ‘असेल तीन किलो’ म्हणणं माणसात चालून जातं, मांजरात नाही.

साडेआठ

होटगी रोडवरचा फ्लॅट. दार उघडलं ते आठ-नऊ वर्षांच्या मुलानं. त्याच्या दंडावर रुपयाएवढा गोल चट्टा, कडा लाल आणि खवलेदार, मधला भाग फिका. मांजर अजून नजरेलाही पडलं नव्हतं, पण अर्धं निदान दारातच झालं.

मांजर पर्शियन. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो त्या गावात पर्शियन का पाळावं, हा प्रश्न मी हल्ली विचारत नाही. कानामागे आणि पुढच्या पंजावर केस तुटून गेलेले, त्याखाली राखाडी खवले. खाज फारशी नाही. घरच्यांना वाटलं होतं केस गळण्याचे दिवस असतील. मग मुलाला चट्टा उठला आणि मेडिकलमधून एक मलम आलं. ते आधी मुलाला लावलं, मग मांजरालाही. अशा मलमात बुरशीच्या औषधाबरोबर बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत लाली जाते, घरचे खूश होतात आणि बुरशी त्या शांततेत पसरत राहते. मांजरानं तर ते मलम तासाभरात चाटून साफ केलेलं असतं. अंगाला लावलेलं सगळं मांजर पोटात घेतं, ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी निम्म्या चुका टळतील.

पडदे ओढून खोली अंधारी केली आणि वूडचा दिवा लावला. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधलेली ही अतिनील प्रकाशाची युक्ती फ्रेंच डॉक्टरांनी १९२५ मध्ये नायट्यासाठी वापरली, आणि ती आजही कामाची आहे. मायक्रोस्पोरम कॅनिस ही मांजराच्या नायट्यामागची नेहमीची बुरशी. तिनं धरलेला केस मुळापासून हिरवट चमकतो. चमकायला हवा तो केस. खवले, धूळ, मलमाचा थर हेही निळसर-पांढरे चकाकतात आणि नवख्याला फसवतात. शिवाय काही वेळा बुरशी असूनही काहीच चमकत नाही, तेव्हा अंधार दिसला म्हणून मांजर निर्दोष ठरत नाही. इथे मात्र पंजावरचे चार-पाच केस स्वच्छ हिरवे उजळले. मुलगा ओरडला, “आई, रेडियम!” ते केस चिमट्यानं उपटून तपासणीसाठी पाकिटात घातले. बुरशी वाढवून बघायची तर दोन-तीन आठवडे लागतात.

आता खरं बोलणं सुरू झालं. नायटा धडधाकट मांजरात काही महिन्यांनी आपोआपही बरा होऊ शकतो. मग औषध कशाला, असं मुलाच्या वडिलांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. औषध द्यायचं ते मुख्यतः घरासाठी. तुटलेल्या प्रत्येक केसाबरोबर बीजाणू खाली पडतात आणि कोरड्या कोपऱ्यात ते वर्षभराहूनही अधिक तग धरू शकतात. मांजर बरं होईपर्यंत घर भरून जातं. मग मुलगा बरा होऊन पुन्हा आजारी, मांजर बरं होऊन पुन्हा आजारी.

तेव्हा असं ठरलं. मांजर एका खोलीत, जिथे गालिचा नाही, कापडी सोफा नाही. एकटं नाही, बरं का. रोज कुणीतरी मोठ्यानं तिथे बसायचं, खेळवायचं, नंतर हात धुवायचे आणि कपडे बदलायचे. कोरडा झाडू बंद, कारण झाडूनं केस उडतात. ओल्या फडक्यानं टिपायचं किंवा व्हॅक्यूम. फरशी आधी साबणानं स्वच्छ, मग पाण्यात पातळ केलेलं ब्लीच, खिडक्या उघड्या आणि मांजर बाहेर. घाणीवर ब्लीच ओतून काही होत नाही. आधी घाण निघाली पाहिजे.

मग चादरी. या घरात सोलापुरी चादरींची थप्पी होती, लग्नात आलेल्या. बाईंना वाटत होतं उकळत्या पाण्यातच टाकाव्या लागतील. तशी गरज नाही. साध्या पाण्यात, पण मशीन अर्धंच भरून, सगळ्यांत लांब चक्रावर, दोनदा. बीजाणू मरण्यापेक्षा धुऊन वाहून जाणं महत्त्वाचं, आणि ठासून भरलेल्या मशीनमध्ये चादरीला हलायला जागाच मिळत नाही. एक सोलापुरी चादर भिजली की किती जड होते हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. दोन धुण्यांचं पाणी म्हटल्यावर बाईंनी कालनिर्णयकडे पाहिलं. त्यांचं पाणी परवा. मग आजपासून परवापर्यंत चादरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायच्या, गॅलरीत झटकायच्या नाहीत. खालच्या मजल्यावर लोक राहतात.

मांजराला मायकोनॅझोल आणि क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, फेस अंगावर दहा मिनिटं. ही दहा मिनिटं म्हणजेच औषध. दोन मिनिटांत धुतलं तर तो नुसता शाम्पू. पोटातून इट्राकोनॅझोल: एक आठवडा रोज, एक आठवडा सुट्टी, असे तीन फेरे. मात्रा किलोला ५ मिलिग्रॅम. आता माणसांच्या कॅप्सूलमध्ये १०० मिलिग्रॅम असतात, बारीक मण्यांच्या रूपात. तीन किलोच्या मांजराला १५ हवेत. कॅप्सूल उघडून मणी वाटून घेणारे लोक मी पाहिलेत, आणि हे डोळ्यानं वाटायचं काम नव्हे. म्हणून द्रव औषध, सिरिंजनं मोजून. मुलासाठी माणसांचे त्वचारोगतज्ज्ञ. त्याचं औषध त्यांनीच ठरवायचं, आणि घरात मांजर आहे हे त्यांना सांगायचं.

टॉवेलचं शिक्षण शेवटी. टॉवेल पसरायचा, मांजर मधोमध, मान बाहेर, एक बाजू अंगावरून घट्ट, मग दुसरी, पाय आत. पहिल्या खेपेला वडिलांच्या मनगटावर तीन रेघा उमटल्या. दुसऱ्या खेपेला जमलं.

साडेदहा

अशोक चौकाच्या आतल्या गल्ल्यांमध्ये आवाजानंच कळतं आपण कुठे आलोय. खाली यंत्रमाग, वर घर. पिढ्यान्‌पिढ्या विणकाम करणारं तेलुगूभाषक पद्मशाली कुटुंब. आजी माझ्याशी मराठीत आणि मांजराशी तेलुगूत बोलतात. पिल्लू तीन महिन्यांचं, ८०० ग्रॅम. डोकं सतत हलवतं, मागच्या पायानं कान खाजवतं. आत चहाच्या भुकटीसारखा काळा, कोरडा मळ. तो थोडा काळ्या कागदावर झटकला आणि आजींच्या हातात भिंग दिलं. पांढरे ठिपके चालताना दिसले तेव्हा त्यांनी “अय्यो” म्हणून कागद खाली टाकला. कानातले किडे. ओटोडेक्टिस नावाचा माइट, कानातच राहतो, मळावर जगतो.

यात औषधापेक्षा हिशेब मोठा. अंड्यापासून पूर्ण वाढीला तीन आठवडे लागतात आणि अंड्यांवर औषधाचा भरवसा नाही. म्हणून एकदा औषध देऊन थांबलं की महिन्यात सगळं परत. मानेच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, सेलामेक्टिनचे थेंब आज आणि पुन्हा महिन्यानं. घरातल्या तिन्ही मांजरांना एकाच दिवशी, खाजवत नसलं तरी. कान साफ करायला कोमट लिक्विड पॅराफिनचे दोन थेंब, कानाच्या बुडाशी चोळायचं, वर आलेला मळ कापसानं टिपायचा. पण त्याआधी कानाचा पडदा शाबूत आहे का हे मी बघणार. काडीला कापूस लावून आत खुपसायचा नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड नाही. लसणाचं तेल तर मुळीच नाही. लसूण-कांदा मांजराच्या रक्ताला बाधतो.

निघता निघता फणी फिरवली तर शेपटीच्या मुळाशी काळे कण. ओल्या कापसावर ठेवले, भोवती तांबूस कडा पसरली. पिसवांची विष्ठा म्हणजे पचलेलं रक्त. ओला कापूस ही घरच्या घरी करता येणारी सगळ्यांत स्वस्त तपासणी आहे. साधी धूळ असेल तर तांबूस होत नाही.

आणि मग मी माग बघायला खाली गेले. मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पिसवांच्या फार तर शंभरातल्या पाच. बाकीच्या अंडी, अळ्या, कोश होऊन घरभर. अंडी चिकट नसतात, मांजर झोपेल तिथे गळून पडतात. अळ्या उजेड टाळतात, फटीत शिरतात. मागाखाली साचलेली कापसाची फूस म्हणजे त्यांना हवी तशी जागा. कोश तर औषधालाही दाद देत नाही. तो आत वाट बघत राहतो, आणि उष्णता, श्वासातला कार्बन डायऑक्साइड किंवा हादरा जाणवला की फुटतो. गावाला जाऊन आलेल्या माणसाच्या पायावर दार उघडताच पिसवा उड्या मारतात त्या यामुळे. मागाच्या घरात हादऱ्याला काय तोटा! आजींच्या नातवाला सांगितलं, मागाखालची फूस रोज काढायची, पिशवीत बांधून बाहेर टाकायची, आणि तिन्ही मांजरांचं पिसवांचं औषध किमान तीन महिने चुकवायचं नाही. पहिले दोन आठवडे उलट जास्त पिसवा दिसतील, तेव्हा मला शिव्या घालू नका. तो म्हणाला, “तुमाला कशाला, मांजरालाच घालतो की.” पिसू चाटताना गिळली की मांजराला टेपवर्मही होतो. गुदद्वाराजवळ तांदळाच्या कणीएवढे पांढरे तुकडे दिसले तर कळवा, म्हटलं.

पावणेबारा

फोन. विजापूर रोडवरून एक गृहस्थ, आवाज घाबरा. मांजराला पिसवा झाल्या म्हणून त्यांनी घरातलं कुत्र्याचं गोचिडाचं औषध मानेवर घातलं, काल रात्री. आज मांजर थरथरतंय, कान उडतायत, लाळ गळतेय. खोक्यावरचं नाव वाचायला सांगितलं. पर्मेथ्रिन.

हे औषध शेवंतीच्या कुळातल्या फुलांत सापडणाऱ्या द्रव्यावरून बेतलेलं. कुत्र्याला सोसतं. मांजराच्या यकृताला ते पुरेशा वेगानं निकामी करता येत नाही, आणि सगळा ताण मज्जासंस्थेवर येतो. फोनवर सांगितलं: मांजराचं अंग आकडीनं ताठ नसेल तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणानं मान आणि पाठ धुवा, गार पाणी नको. लगेच टॉवेलात गुंडाळा, ऊब द्या. दूध नाही, तेल नाही, उलटी करवायची नाही. खोकं बरोबर घ्या आणि निघा.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा ते दारात उभे होते. यावर उतारा असा नाही. थरथर आवरायला स्नायू सैल करणारं इंजेक्शन, शिरेतून सलाईन, अंगाचं तापमान सांभाळणं, आणि वेळ. एक ते तीन दिवस.

गृहस्थ पुन्हा पुन्हा म्हणत होते, “मी तर थोडंसंच घातलं.” कपाटातल्या सगळ्याच औषधांचं असं होतं. बेंझिल बेंझोएट हे खरजेचं जुनं औषध, मांजराला विष. गोठ्यात फवारायचं डेल्टामेथ्रिन, कुत्र्यांच्या लुतीचं अमिट्राझ, तेच. पांढरं फिनाइल, काळं फिनाइल, पाण्यात टाकल्यावर दुधासारखं होणारं जंतुनाशक, डांबराच्या गोळ्या, हीच गत. कापूर घातलेलं खोबरेल आपल्याकडे उवांपासून खाजेपर्यंत सगळ्याला लावतात, मांजराला नको. टी ट्री तेल ‘नैसर्गिक’ म्हणून महाग मिळतं, त्यानंही मांजरं लटपटतात. आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली तर मांजर त्या अर्ध्या गोळीनं मरू शकतं. मला लोकांच्या हौसेची चीड येत नाही. चीड येते ती ‘घरगुती उपाय, अपाय नाही’ या खात्रीची.

दीड

जेवण. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. सलाईनच्या नळीवर एक डोळा.

पिसू आणि मांजर म्हटलं की मला अमरावती आठवते. १९०८ साली तिथले सिव्हिल सर्जन अँड्र्यू बुकॅनन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं की वऱ्हाडातल्या ज्या गावांत मांजरं जास्त तिथे प्लेग कमी, तेव्हा मांजरं पाळा. उंदरावरच्या पिसवेतून प्लेग पसरतो हे प्लेग कमिशननं तेव्हा मुंबईत प्रयोगांनी दाखवलेलंच होतं. म्हणजे सरकारी डॉक्टर मांजराची शिफारस करत होता ती पिसवेच्या भीतीनं. मांजराच्या अंगावरची नेहमीची पिसू वेगळी, तिला उंदीर फारसा लागत नाही. पण उंदरामागे धावणारं मांजर उंदराची पिसूही घरी आणू शकतं, हे त्यात राहून गेलं.

तीन

कुंभारीकडे. गोदूताई परुळेकर वसाहत, विडी कामगार बायकांची दहा हजार घरं. प्रत्येक दुसऱ्या दारात मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, बोटं चालूच. मांजर रस्त्याचं, पण जेवतं याच दारात, म्हणून मालकी यांची. बाईंनी विडी वळता वळताच मान वळवली, “ह्याच्या तोंडाला काय झालंय बगा की, मॅडम.”

कानांच्या कडा जाड, राखाडी, सुरकुतलेल्या. तीच साल कपाळावर आणि डोळ्यांवर उतरलेली. खाजवून मानेला रक्त. लूत, मांजराची लूत, नोटोएड्रिस नावाच्या माइटची. पॅराफिनचा थेंब टाकून कडेची साल खरवडली, काचपट्टीवर घेतली. दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली बघेन, पण शंका नव्हती. माणसालाही यानं पुरळ उठतं. बाईंच्या हातावर होतंच. मांजर बरं झालं की तेही जातं, कारण हा माइट माणसावर संसार थाटू शकत नाही.

शेजारणीनं सल्ला देऊन ठेवला होता: तंबाखू उकळून त्या पाण्यानं धुवा, सगळे किडे मरतील. घरात तंबाखू भरपूर, सल्ला फुकट. किडे मरतीलही, पण निकोटीन फाटक्या कातडीतून आणि जिभेवरून मांजरात जाईल. बाईंना हे पटवायला फार बोलावं लागलं नाही. ओल्या तंबाखूनं डोकं गरगरतं, हे त्यांना अंगावरून ठाऊक होतं.

दुसरा सल्ला जास्त फसवा, कारण तो औषधाच्याच नावानं येतो. आयव्हरमेक्टिन. जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून निघालेलं, ओमुरा आणि कॅम्बेल यांना २०१५ चं नोबेल मिळवून देणारं. कोविडात त्याच्या गोळ्या घरोघर पोचल्या. गोव्यात तर २०२१ च्या मे महिन्यात अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना ते देण्याचं जाहीर झालं होतं. लुतीवर ते चालतं, मीही वापरते. पण हे गणित बघा. गाईच्या बाटलीत मिलीला १० मिलिग्रॅम. मांजर तीन किलोचं, मात्रा किलोला ०.२, म्हणजे ०.६ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०६ मिली. सिरिंजच्या टोकाला नुसतं ओलं झालं एवढंच. १२ मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर घातला तरी पाचपट झाला. लहान पिल्लाला तर याहून कमीही जड जातं. म्हणून ताणकाटा, म्हणून इंजेक्शन मीच दिलं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा येणार.

बाईंनी करायचं ते एवढंच: कोमट खोबरेल, कापूर नसलेलं, कापसानं हलक्या हातानं सालीवर, भिजून आपोआप सुटेल तेवढीच काढायची, ओढायची नाही. जास्तीचं तेल पुसून टाकायचं. मांजर झोपतं ते पोतं जाळायचं आणि दुसरं घालायचं. आणि याच्याबरोबर जेवायला येणारी दोन मांजरं? ती पुढच्या खेपेला सापडली पाहिजेत. “सापडतील की,” बाई म्हणाल्या, “बांगड्याचं डोकं दाखवलं की सापडतील.” पैशांचं बोलणं झालं. किती, ते आमच्या दोघींत.

साडेपाच ते आठ

दवाखाना. यातलं बरंचसं सांगण्यासारखं नाही. हनुवटीवर काळे ठिपके आलेली भाटी: प्लॅस्टिकची वाटी काढून स्टीलची द्या, वाटी रोज घासा, आधी एवढंच. गालफड सुजलेला बोका: मारामारीतल्या चाव्यात पू. चिरा देऊन मोकळा केला. घरी शेक द्यायचा तो उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याचा, अर्धा लिटरला सपाट चमचा. जखम फार लवकर मिटू द्यायची नाही. या दिवसांत माशा असतात, तेव्हा बोका आत. अळ्या दिसल्याच तर टर्पेंटाइन ओतायचं नाही. ते बैलाच्या खांद्यावर पाहिलेलं असतं, म्हणून हात तिकडे जातो.

एक मात्र थांबून बघावं लागलं. पांढरी शुभ्र मांजर, दहा वर्षांची, कानाच्या टोकावर खपली. कुणीतरी नायटा म्हणून दोन महिने मलम लावलेलं. केस चमकले नाहीत, माइट नाही, खाज नाही. खपली पडते आणि पुन्हा येते, कड किंचित कुरतडल्यासारखी. पांढऱ्या मांजराच्या कानाला ना केसांची सावली ना रंगाची, आणि सोलापूरचं ऊन वर्षातले आठ महिने डोक्यावर. हा उन्हाचा कॅन्सर असू शकतो. तुकडा काढून तपासायला हवा. तसाच निघाला आणि लवकर हाती लागला, तर कानाचं टोक कापून मांजर वाचतं. मालकीणबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “ती गच्चीवरच झोपते.” सकाळी दहा ते चार गच्चीचं दार बंद, हे आजपासून.

थरथरणारं मांजर सात वाजता उठून बसलं. कान अजून उडतायत. रात्र इथेच.

साडेआठ

फोनांची वेळ. वही उघडून एकेकाला. सगळ्यांत अवघड ते, ज्यांचं मांजर बरं दिसायला लागलंय. जुन्या नायट्याचं एक घर, पाचवा आठवडा. केस आले, चट्टा गेला, म्हणून औषध थांबवायचं म्हणतात. दिसायला बरं होणं आधी येतं, बुरशी जाणं नंतर. तपासणी निर्दोष आल्याशिवाय नाही, म्हटलं. कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी खूण करा, म्हटलं. तिकडून उसासा.

शेवटचा फोन होटगी रोडचा, त्यांनीच केला. मुलाला डॉक्टरांना दाखवलं, औषध मिळालं. पण अडचण वेगळीच: पुढच्या आठवड्यात गणपती, मग गौरी. घरात वीसेक माणसं, त्यात पाच लहान मुलं, आणि सगळी त्या मांजराच्या मागे लागणारी. सासूबाई म्हणतायत मांजर तेवढे दिवस कुठेतरी सोडून या.

“सोडू नका. जिथे सोडाल तिथे नायटा जाईल.”

“मग?”

“आहे तीच खोली. दाराला बाहेरून कडी, कडीला कुलूप, किल्ली तुमच्याकडे. मुलांना सांगा मांजर आजारी आहे, बघायचं तर खिडकीतून.”

“आणि पाहुण्यांच्या अंथरुणाचं काय? त्याच खोलीत गाद्या आहेत, मॅडम.”

“त्या गाद्या सोडून काहीही द्या. सतरंज्या भाड्यानं मिळतात.”

थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाल्या, “मोठ्या नणंदेला त्या गादीशिवाय झोप येत नाही.” आणि लगेच, “बरं. सतरंजीच देते.”